ऐरोलीतल्या नर्सरीचं कंपोस्ट, भरावाच्या जमिनीला एकदम भारी
आमची सोसायटी ऐरोलीला, म्हणजे खाडीकडची भरावाची जमीन, वर मुरूम न डेब्रिज, खाली खारट, साधी जास्वंदही धड जगत नव्हती. इथल्या नर्सरीतून ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट गोण्यांनी आणलं, वरच्या सहा इंचात मिसळलं आणि पावसाळ्यानंतर माती काय भुसभुशीत झालीये, पाणी साचत नाही, गांडुळं दिसतायत! खत पूर्ण कुजलेलं आहे, हात घातला तर गरम लागत नाही, आंबूस वास नाही. तरी घ्यायच्या आधी थोड्या खतात मेथी पेरून बघा, नीट उगवली तरच घ्या, कच्चं खत मुळं जाळतं. काचेचे न प्लास्टिकचे तुकडे निघाले थोडे, चाळणी अजून बारीक हवी.

सोसायटीच्या मागे सांडपाणी शुद्ध करायला खडीचा वाफा केलाय, कर्दळ आणि पाणकणीस लावून, त्यात भरपूर खत टाका असं नर्सरीवाले म्हणाले ते अजिबात ऐकू नका. तिथे खरं काम खडीवरचे न मुळांजवळचे जीवाणू करतात, खतातला कार्बन सांडपाण्यातलं नायट्रेट (नायट्रोजनचंच एक रूप) कमी करायला मदत करतो हे खरं, पण जास्त झालं की त्यातलंच नायट्रोजन-फॉस्फरस पाण्यात उतरतं आणि खडी चोक होते. आम्ही लावताना फक्त मूठमूठ घातलं, कर्दळ मस्त फुटलीये.