फ्रान्समधले बिनागाड्यांचे सायकल रूट: कुठला घ्यावा, कुठला सोडावा

सायकल टूरिंग आणि फ्रान्स म्हटलं की जो तो लुआर नदीचं नाव घेतो. लुआर वाईट अजिबात नाही, ९०० किमीचा रूट आहे, राजवाडेबिजवाडे सगळं आहे, पण त्यातला बराच भाग छोट्या गावरस्त्यांवरून जातो, म्हणजे गाड्या कमी असल्या तरी असतातच, आणि सीझनला तर सायकलवाल्यांचीच जत्रा. मागून इंजिनचा आवाज आला की ज्यांचे खांदे आपोआप आखडतात (माझे आखडतात) त्यांनी सरळ ‘व्हुआ व्हेर्त’ शोधावेत. बंद पडलेल्या रेल्वे लाईनवर नाहीतर कालव्याच्या काठाने केलेले रस्ते, मोटारीला पूर्ण बंदी, फक्त सायकल, चालणारे, स्केटिंगवाले आणि कुठे कुठे घोडे. बोर्डावर ‘व्हेलोरूत’ लिहिलं असेल तर मात्र तो नुसता आखलेला रूट, त्यात मधेमधे साधा रस्ता येऊ शकतो, प्लॅन करताना एवढं बघाच.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने दक्षिण बर्गंडीतला शालों-सुर-सोन ते माकों हा पट्टा करावा. साधारण ७० किमी, आणि यातला जिव्री ते क्लुनी हा ४४ किमीचा तुकडा म्हणजे फ्रान्समधला पहिला व्हुआ व्हेर्त, १९९७ मध्ये सुरू झालेला. इतकी वर्षं झाली तरी डांबर बहुतेक ठिकाणी गुळगुळीत. मुळात रेल्वेचा मार्ग असल्यामुळे चढ असा जाणवतच नाही, रेल्वेला कुठे चढ झेपतात, त्यामुळे लहान मुलं, सत्तरीचे आजोबा, सामान लादलेले टूरिंगवाले सगळे एकाच आरामात चालवत असतात. दोन्ही बाजूला द्राक्षमळे, मग कुरणं, त्यात पांढऱ्या धिप्पाड शारोले गायी, ज्या मान वर करून तुमच्याकडे बघायचे कष्टही घेत नाहीत. जुनी स्टेशनं, फाटकवाल्यांची छोटी घरं अजून दिसतात, ब्युक्सीला तर मळेवाल्यांच्या सहकारी संस्थेचं वाईनचं तळघर वाटेतच आहे (पुढे अजून चालवायचंय हे लक्षात ठेवून आत जा).

थांबायला क्लुनी. तिथला मठ सन ९१० चा, आणि त्याचं चर्च रोममधलं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं होतं म्हणे. फ्रेंच क्रांतीनंतर ते पाडून दगड विकले, त्यामुळे आज उरलाय तो एक छोटा भाग, पण त्या एवढ्याशा भागाखाली उभं राहिलं तरी मान दुखते. त्याआधी तेझे लागतं, तिथल्या ख्रिस्ती कम्युनिटीत उन्हाळ्यात जगभरातली तरुण पोरं येतात, त्यामुळे त्या एवढ्या पट्ट्यात रस्त्यावर चालणाऱ्यांचे घोळके असतात, बेल वाजवत जा.

क्लुनीनंतर येतो ब्वा क्लेअरचा बोगदा आणि माझ्यासाठी तरी पैसे वसूल इथेच. जुना रेल्वेचा बोगदा, १.६ किमी लांब, आत दिवे आहेत. भर उन्हाळ्यात बाहेर घामाघूम झालेले असताना आत शिरलं की एकदम थंडगार, भिंती ओलसर, टायरचा आवाज दुप्पट होऊन कानात येतो, आणि पलीकडे बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते. जॅकेट बॅगेत तळाशी नको, हाताशी ठेवा. पुढे लगेच बेर्झे-ल-शातेलचा किल्ला दिसतो, फोटोसाठी सगळे तिथेच थांबतात. हिवाळ्यात मात्र हा बोगदा बंद, कारण आत वटवाघळं झोपलेली असतात, मग वरून खिंड चढून जावं लागतं. वटवाघळांचा हक्क पहिला, तक्रार नाही, फक्त तारखा बघून जा.

तक्रार आहे ती रस्ता ओलांडायच्या जागी लावलेल्या आडव्या दांड्यांबद्दल. मोटारसायकली घुसू नयेत म्हणून दोन दांडे असे तिरपे लावतात की मागे दोन्ही बाजूला बॅगा असतील तर उतरून, सायकल वाकडी करून, एक बॅग घासत काढावी लागते. एकदा ठीक आहे, पण दर थोड्या वेळाने तेच केलं की चिडचिड होते. ट्रेलरमध्ये मूल बसवून नेणाऱ्यांचे हाल तर बघवत नाहीत.

दुसरा जो रूट डोळे झाकून सांगेन तो गारोन कालव्याचा, बोर्दोच्या बाजूने तुलूझपर्यंत. कालवा १९३ किमी, काठाचा रस्ता जवळजवळ सगळा पक्का, अझांला तर अख्खा कालवाच २३ कमानींच्या पुलावरून गारोन नदी ओलांडतो, म्हणजे खाली नदी आणि वर पाण्यात बोट, शेजारून तुम्ही. म्वासाकला मठाचं अंगण बघा आणि सीझन असेल तर तिथली शासला द्राक्षं खा. उणीव एकच, सरळ आणि सपाट, सरळ आणि सपाट, दुपारी अक्षरशः झोप येते. आणि झाडांच्या मुळांनी काही ठिकाणी डांबर उचललंय, वेगात असाल तर दात वाजतात.

तुलूझच्या पुढे सेतपर्यंत जातो तो कनाल द्यु मिदी, २४० किमी, सतराव्या शतकातला, रिके नावाच्या माणसाने केलेला, १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत. फोटो सगळे याचेच असतात आणि फसवणूकही इथेच होते. तुलूझपासून पहिले साधारण ५० किमी मस्त पक्का रस्ता, त्यानंतर बराचसा खडी, माती, मुळं, कुठे कुठे एकच सायकल जाईल एवढी पायवाट आणि शेजारी पाणी. पाऊस पडला की चिखल. रुंद टायर असतील तर मजा आहे, बारीक टायरवर ही शिक्षा आहे. शिवाय फोटोतली ती सावली धरून जाऊ नका. २००६ पासून तिथल्या काठावरच्या प्लेन (चिनारच्या जातीच्या) झाडांना बुरशीचा रोग लागलाय, इलाज नाही, त्यामुळे हजारो झाडं तोडावी लागली, नवीन लावतायत पण ती मोठी व्हायला वेळ लागणार. पहिले ५० किमी करा, नोरूझला कालव्याचा सगळ्यात उंच भाग बघा, आणि मग ट्रेन पकडून सरळ कारकासोन गाठा असं मी म्हणेन, बेझिएजवळची फॉन्सरानची जिनेवजा लॉकगेटं (बोटी पायरीपायरीने वरखाली नेणारी) बघायची असतील तर तिथेही ट्रेननेच.

आता खाणं. शांत ग्रामीण भाग म्हणजे दुकानंही शांत. दुपारी १२ ते २ शटर खाली, रविवारी दुपारनंतर शुकशुकाट, सोमवारी तर बेकरीपासून हॉटेलपर्यंत निम्मं गाव बंद. सकाळीच ब्रेड, चीज, टोमॅटो घेऊन बॅगेत टाकायचं ही सवय लावून घ्या. काही गावांत बॅगेट देणारं मशीन असतं, पिझ्झाचंही असतं (पिझ्झाची चव विचारू नका, भूक होती). पाण्यासाठी टूरिंगवाल्यांची ठरलेली जागा म्हणजे गावाचं कब्रस्तान, तिथे फुलांना पाणी घालायला नळ असतो, फक्त ‘नों पोताब्ल’ असा बोर्ड असेल तर पिऊ नका.

राहायला ‘आक्युए व्हेलो’ची पाटी असलेली ठिकाणं शोधा, सायकल कुलपात ठेवायची सोय आणि पंप, हत्यारं वगैरे मिळतात, आणि ती रूटपासून ५ किमीच्या आतच असतात. शालों आणि माकोंला पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून टीईआर (म्हणजे प्रादेशिक) गाड्या जातात, त्यात सायकल तशीच चढवता येते. टीजीव्हीमध्ये (म्हणजे अतिवेगवान गाडीत) सायकलची जागा वेगळी बुक करावी लागते आणि ती सगळ्या गाड्यांत नसते, नाहीतर चाकं काढून बॅगेत भरायची. आणि माकोंचं तिकीट काढताना नीट बघा, टीजीव्हीचं माकों-लोशे स्टेशन शहराच्या बाहेर आहे, टीईआर थांबते ती माकों-व्हिलला.