प्रोसेसरची आवृत्ती कर्नलने ओळखावी कशी: चिठ्ठी वाचून की मोडून बघून?

सांगलीच्या मार्केट यार्डात पोत्यावर ‘राजापुरी’ लिहिलेलं असलं तरी घेणारा एखादं हळकुंड मोडून बघतोच. चिपमधल्या दोषावर कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) तोडगा लिहितानाही प्रश्न तोच: चिप सांगते तो आवृत्तीचा नंबर वाचायचा, की दोष आहे का ते चाचणी करून बघायचं?

मोडून बघण्याचं जुनं उदाहरण म्हणजे १९९४ साली उघड झालेला पेंटियमचा भागाकाराचा दोष. लिनक्स सुरू होताना ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागायचा, परत गुणायचा, वजा करायचा. बाकी उरली की चिप सदोष. स्टेपिंगची (एकाच मॉडेलच्या सुधारित आवृत्त्यांच्या नंबरांची) यादी लागतच नाही. पण असे सरळ दोष क्वचितच मिळतात.

म्हणून बहुतेकदा चिठ्ठीच वाचावी लागते. माझा जुना लॅपटॉप (आय५-८२५०यू) सीपीयूइन्फोमध्ये (लिनक्सच्या प्रोसेसर-माहितीच्या फाइलमध्ये) फॅमिली ६, मॉडेल १४२, स्टेपिंग १० सांगतो. सातव्या पिढीच्या आय५-७२००यूचं मॉडेलही १४२च, स्टेपिंग मात्र ९. नुसतं मॉडेल बघून तोडगा लावणं म्हणजे अर्ध्या हळकुंडात पिवळं होणं.

आर्म प्रोसेसरवर हेच काम मिडर (MIDR) हे चिपची ओळख सांगणारं रजिस्टर करतं. रास्पबेरी पाय ३ वर पार्ट डी०३, व्हेरिएंट ०, रिव्हिजन ४ दिसतं. म्हणजे कॉर्टेक्स-ए५३ कोअर, आवृत्ती आर०पी४ (‘आर’पुढे व्हेरिएंट, ‘पी’पुढे रिव्हिजन). या कोअरचा ८४३४१९ नंबरचा दोष मेमरीच्या ४ केबी पानाच्या अगदी शेवटी विशिष्ट क्रमाने सूचना आल्या तरच उठतो आणि पत्ता चुकतो. तो बूटच्या वेळी चाचणीत पकडायचा कसा? आर०पी० ते आर०पी४ अशी रेंजच तपासायची. त्यातही मेख आहे: आर०पी४च्या काही चिप्समध्ये तो दुरुस्त झालाय, आणि ते फक्त रेव्हिडर (REVIDR) या दुसऱ्या रजिस्टरमधल्या ८ नंबरच्या बिटावरून कळतं. शिवाय मोठे-छोटे कोअर एकत्र असतील तर प्रत्येक कोअर वेगळा तपासा.

एखादी सुविधा आहे का, एवढंच हवं असेल तर नंबराच्या नादी लागू नका, फीचर बिट (ती सुविधा आहे की नाही, एवढंच सांगणारा बिट) विचारा. इंटेलच्या हॅसवेल चिप्सवर २०१४ मध्ये मायक्रोकोडने (चिपच्या आतल्या, बदलता येणाऱ्या कोडने) टीएसएक्स ही सुविधा बंद केली. स्टेपिंग तेच राहिलं, बिट मात्र गेला. व्हर्च्युअल मशीनमध्ये तर स्टेपिंग हायपरवायझर (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) सांगेल तेच.

दोषाच्या कागदात आवृत्त्यांची रेंज छापलेली असेल तर मी नंबरच घेतो, आणि तोही कर्नलच्या तयार तक्त्यातून, रजिस्टरमधून नंबर काढायला स्वतः बिट सरकवत बसत नाही. ‘स्टेपिंग १० आणि पुढचे सगळे ठीक’ अशी अट मात्र कागदात तसं लिहिलेलं नसेल तर टाकत नाही.