आईच्या लुगड्यांची गोधडी: आठ महिने वापरल्यावर

आई गेली तेव्हा ट्रंकेत अकरा लुगडी निघाली. बहिणींनी आठवण म्हणून एकेक नेलं, पण नेसणारं आता कुणीच नाही. उरलेल्यांतल्या पाचांची गोधडी मी गेल्या जूनमध्ये शिवून घेतली. साडेचार बाय सहा फूट, हाताचा धावदोरा. तेव्हापासून रोज अंगावर आहे.

आधी तक्रारी. दोन लुगडी इरकली होती. अंग सुती, पण टोपपदर रेशमी. शिवणाऱ्या मावशी म्हणाल्या होत्या, पदर वर घेऊ नका. मीच हट्ट केला. दिवाळीच्या आवराआवरीत पहिल्यांदा धुतली, तेवढ्यात पदराचे तुकडे आक्रसले आणि आता टाक्यापाशी विरतायत. ओली गोधडी एकटीला उचलत नाही, दोघी लागतात. उन्हातही वाळायला अख्खा दिवस. मशीनमध्ये घालायचा विचारसुद्धा करू नका.

आणि वास. डांबरगोळ्या नि मिश्री मिळून जो आईचा वास होता, तो त्या एका धुण्यात गेला. आधी कुणी सांगितलं असतं तर वर्षभर पाणी लावलं नसतं.

ऊब मात्र विचारू नका. यंदाच्या थंडीत ब्लँकेट कपाटातून निघालंच नाही.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, पण काष्ट्याकडचा भाग बसून बसून जाळीदार झालेला. तो मावशींनी आतल्या थरात दडपला. कनवटीचा तुकडा मी वर लावायला सांगितला. त्यावर ट्रंकेच्या किल्लीचा गंज उमटलाय. शेवटचा थर घालण्याआधी मावशींनी मध्ये ठेवायला एक चौकोनी तुकडा मागितला. त्याला भाकरी म्हणतात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. मी आईच्या चोळीचा खण दिला.

माझी सहा वर्षांची लेक रोज झोपताना एकेका तुकड्यावर बोट ठेवते. हिरव्यावर चुलीच्या ठिणगीचं भोक आहे.

"आजी भाजली होती?"

"नाही गं, नुसतं लुगडं जळलं."

आईनेही मला हेच सांगितलं होतं. मांडीवरचा डाग मी पाहिला तो तिला शेवटची आंघोळ घालताना.

विरलेला पदर काढून तिथे सुती तुकडे लावायला गोधडी मावशींकडे पाठवायची आहे. दोनदा घडी घालून दारापाशी ठेवली. दोन्ही वेळा लेकीने परत पलंगावर ओढून नेली.