राजापूरचं घर: बांधताना पाहिलेलं, दहा महिने राहून कळलेलं

गेल्या गुढीपाडव्याला, ३० मार्च २०२५ ला, आई-बाबा नव्या घरात राहायला गेले. घर राजापूर तालुक्यात, बाबांच्या वाडीत, जुन्या घराच्याच जागेवर. मी ठाण्याला नोकरी करते. २०२३ च्या दसऱ्याला पायाची आखणी झाली, तेव्हापासून दीड वर्ष मी महिन्यातून दोनदा, कधी तीनदा रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने राजापूर रोडला उतरायचे आणि रविवारी संध्याकाळी परतीला लागायचे. या सगळ्या काळाची एक वही ठेवली होती. कुठल्या दिवशी काय काम झालं, कोण होतं, मी होते की नव्हते.

आता दहा महिने राहून झाल्यावर घराच्या तक्रारी आणि ती वही शेजारी ठेवून वाचली. जे काम झाकलं जाण्याआधी मी किंवा बाबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, ते जवळजवळ सगळं टिकलंय. जे झाकल्यावर फोनवर पाहिलं, तिथेच बहुतेक दुखणी निघाली. एक मोठी चूक मात्र मी समोर उभी राहून करवून घेतली. तीही पुढे सांगते.

घराची रचना थोडक्यात. पुढे खळं, ओटी, माजघर, देवघर आणि एक खोली. मागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि आणखी एक खोली, त्यावर स्लॅब. स्लॅबवर एक खोली आणि बाथरूम. वर सगळीकडे मंगलोरी कौलं. खाली साधारण ११५० चौरस फूट, वर ३००. भिंती जांभ्याच्या, बाहेरून गिलावा न करता फक्त दरजा (दगडांमधल्या सांधी) भरलेल्या.

चिऱ्यांबद्दल, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडांबद्दल आधी, कारण कोकणात घर बांधणारा प्रत्येकजण हेच विचारतो. आम्हाला साडेतीन हजारांच्या आसपास चिरे लागले. खाणीतून नुकता काढलेला चिरा ओला आणि मऊ असतो, वाऱ्या-उन्हात राहिला की कडक होतो. म्हणून आमच्या गवंड्यांनी माल दोन महिने आधी आणून खळ्यात रचून ठेवायला लावला. पहिली गाडी आली तेव्हा त्यांनी मला चिरा कसा बघायचा ते शिकवलं. हातोडीने टकटक करायची, आवाज खणखणीत यायला हवा. पिवळट-पांढऱ्या मातीचे पुंजके जास्त असतील तो चिरा बाजूला काढायचा, कारण पावसात ती माती धुऊन जाते आणि मागे भोक राहतं. पहिल्या दोन गाड्यांतले सव्वाशे-दीडशे चिरे आम्ही बाजूला काढले. ते कुंपणाच्या गडग्याला वापरले. आज घराच्या भिंती आणि गडगा शेजारी शेजारी पाहिले की फरक दिसतो. गडग्यातल्या चिऱ्यांना एकाच पावसाळ्यात बोट जाईल एवढ्या खळग्या पडल्यात. घराच्या भिंतीत तसा एकही चिरा सापडला नाही. राजापूरच्या सड्यांवर (उघड्या कातळाच्या पठारांवर) कातळशिल्पं आहेत ती याच जांभ्यात कोरलेली. चांगला जांभा किती टिकतो याचा पुरावा आमच्या गावाशेजारीच आहे.

पाया आणि स्लॅब हा या घराचा सगळ्यात समाधान देणारा भाग. आखणीच्या दिवशी गवंड्यांनी गुण्या (काटकोन) तपासायला सहा, आठ आणि दहा फुटांची दोरी लावली. त्यानंतर बाबांनी आणि मी दोन्ही कर्ण टेपने मोजले. पाऊण इंचाचा फरक आला, खुंट्या परत ठोकल्या. तेव्हा कामगार कंटाळले होते, पण पुढे फरशीवाल्याने माजघरात फरशी लावली तेव्हा एकाही कोपऱ्यात पाचर कापावी लागली नाही.

सळई बांधायला आलेली माणसं सळईखाली खडीचे तुकडे सरकवत होती, म्हणजे सळई फळीला टेकणार नाही. तुकडा निसटला की सळई कॉंक्रीटच्या अगदी कडेला येते आणि आमच्याकडच्या दमट हवेत ती गंजायला वेळ लागत नाही. मी त्याच दिवशी राजापुरातून कव्हर ब्लॉक (सळईला टेकू द्यायचे ठरावीक जाडीचे ठोकळे) आणले, कॉलमसाठी ४० मिलिमीटरचे, बीमसाठी २५ चे, स्लॅबसाठी २० चे. खर्च इतका किरकोळ होता की वहीत त्याची वेगळी नोंदसुद्धा नाही.

स्लॅबच्या दिवशी, मार्च २०२४ मध्ये, मी पहाटेपासून मिक्सरजवळ उभी होते. माल घट्ट वाटला की मिक्सरवरचा माणूस पाण्याची आणखी एक बादली ओतायला जातो, कारण पातळ माल पसरायला सोपा. पण जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे बारीक भोकं ठेवतं, कॉंक्रीट तेवढंच कमजोर होतं. आमचं प्रमाण ठरलेलं होतं, ५० किलोच्या पिशवीला २५ लिटर. मी बादल्या मोजत राहिले. दुपारी मुकादम म्हणाला, "ताई, तुम्ही जेवून या, आम्ही आहोत ना." मी म्हटलं, शेवटची पाटी पडली की सगळे एकत्रच जेवू. तसंच जेवलो.

मग पाणी मारणं. आपल्याकडे पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट वापरतात. कॉंक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) अशा मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा लागतो, आणि कोरड्या गरम हवेत १४ दिवसांची शिफारस आहे. स्लॅबवर मातीची आळी करून बाबांनी पंधरा दिवस पाणी साठवून ठेवलं. रोज सकाळी ते शिडीने वर जाऊन आळ्यांत पाणी आहे का बघायचे आणि मला फोन करायचे. त्या स्लॅबला आज केसाएवढीही चीर नाही.

आता दुखणी.

गेल्या वर्षी पाऊस फार लवकर आला. मोसमी पाऊस २४ मे ला केरळात आणि २६ मे ला मुंबईत पोहोचला होता. आमच्याकडे त्याआधीच्या आठवड्यापासून झोडपत होता. शेवटची किरकोळ कामं जूनच्या पहिल्या आठवड्यात उरकू असं ठरलं होतं, ती राहिलीच. त्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या छताला, कोपऱ्यात, ताटाएवढा ओला डाग पडला. सगळ्यांना वाटलं पावसाचं पाणी. पण पाऊस दोन दिवस उघडला तरी डाग वाढतच होता आणि वरचं बाथरूम दिवसभर वापरलं नाही की कमी व्हायचा.

वही उघडली. वरच्या बाथरूमला वॉटरप्रूफिंग झालं तेव्हा मी होते. दोन दिवस पाणी भरून ठेवलं होतं, थेंबही खाली आला नव्हता. त्यानंतरच्या बुधवारी प्लंबरने नहाणी ट्रॅपची (फरशीवरचं पाणी वाहून नेणाऱ्या तोंडाची) जोडणी केली. मी ठाण्यात, बाबा रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. संध्याकाळी कंत्राटदाराने व्हिडिओ पाठवला होता, तो अजून फोनमध्ये आहे. त्यात सगळं नीटनेटकं दिसतं, कारण पाइपाभोवती तोपर्यंत सिमेंट थापून झालेलं होतं. जुलैत फरशी फोडली तेव्हा कळलं की पाइप जिथून जातो तिथे वॉटरप्रूफिंगचा थर छिन्नीने तोडला होता आणि परत भरलाच नव्हता. दुरुस्तीला अठरा हजार रुपये गेले, शिवाय पावसाळ्याचे तीन आठवडे आई गुडघेदुखी घेऊन वरच्या खोलीतून न्हाणीसाठी खाली-वर करत होती.

म्हणून लांबून घर बांधणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं आहे. रोज व्हिडिओ मागा, जरूर मागा. पण "आज काय झालं" असं विचारू नका, "उद्या काय झाकणार" असं विचारा. पाइप, सळई, वायरिंगच्या नळ्या, वाळवीची फवारणी, यांचे फोटो झाकायच्या आधीचे हवेत आणि फोटो येईपर्यंत पुढचं काम थांबायला हवं. हे मी उशिरा शिकले, तोपर्यंत ते बाथरूम झाकून झालं होतं. शिकल्यावर गिलाव्याआधी प्रत्येक आतल्या भिंतीचा फोटो घेतला, फोटोत भिंतीला टेप लावून. वायरच्या नळ्या जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती इंचांवर आहेत ते त्यात सरळ वाचता येतं. ओटीवर झोपाळ्याच्या कड्या बसवताना, पाण्याचा फिल्टर टांगताना, देवघराची फळी लावताना दर वेळी तेच फोटो उघडले. अजून एकही नळी फुटली नाही.

दुसरं दुखणं दारांचं. जुन्या घराच्या परसातला फणस पाया काढताना तोडावा लागला. बाबांनी हट्ट धरला की दारं त्याचीच करायची. पिवळं, मऊ चमकीचं लाकूड, दारं फार सुंदर झाली आहेत. पण फळ्या चिरून झाल्यावर वाळायला जेमतेम आठ महिने मिळाले, त्यातही मधे एक पावसाळा. सुताराने तेव्हाच सांगितलं होतं, अजून एक उन्हाळा खाऊ द्या. आम्हाला पाडवा गाठायचा होता. जुलैत माजघराचं दार इतकं फुगलं की रात्री लावलेलं सकाळी खांद्याने ढकलावं लागायचं. दिवाळीनंतर ते परत आखसलं आणि आता चौकटीत पाव इंचाची फट दिसते. सुतार म्हणतात पुढचा पावसाळा बघू, मगच रंधा मारू. त्यांचं ऐकायचं ठरवलंय.

आणि माझी चूक. कोकणातल्या जुन्या घरांना चारी बाजूंनी पडवी असते. नकाशात पश्चिमेलाही होती. मीच ती काढायला लावली, कारण त्या बाजूच्या खोलीतून खाली व्हाळ (ओढा) आणि पलीकडची भातशेती दिसते आणि मला तिथे मोठी खिडकी हवी होती. शेजारच्या आजी चौकट बसताना आल्या होत्या. म्हणाल्या, "बाय, पडवी काढलंस, मग झड कोण अडवील?" मी त्यांना बाहेरून लावायच्या पाणी-रोधक लेपाबद्दल सांगितलं. लेप खरंच लावला होता, नीट, माझ्यासमोर. पण आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून आडवा येतो. जांभा सच्छिद्र दगड, दिवसचे दिवस झड लागल्यावर पाणी पितोच. जुलैच्या मध्यापर्यंत आतल्या गिलाव्याला कमरेपर्यंत ओल आली, कपाटातल्या साड्यांना वास यायला लागला. ज्यांच्या मातीच्या भिंती होत्या ती माणसं पावसाळ्यापूर्वी नारळाच्या झापांचा आडोसा का बांधत, ते मला त्या महिन्यात समजलं. आम्ही ताडपत्री बांधून दिवस काढले. डिसेंबरात त्या बाजूला सहा फुटांची पडवी केली, कौलांचीच. खिडकी ठेवली, उंची थोडी कमी केली. व्हाळ अजून दिसतो. भिंत आता कोरडी आहे, पण खरं काय ते जूननंतर कळेल.

कौलांचा निर्णय मात्र फळला. वाडीत बहुतेकांनी माकडांना कंटाळून कौलं उतरवली आणि पत्रे घातले. आम्ही दोन्ही केलं. खाली पत्रा, त्यावर पट्ट्या, पट्ट्यांवर कौलं. जुन्या घराची कौलं बाबांनी एकेक वाजवून निवडली, निम्म्याहून जास्त परत वापरता आली. दहा महिन्यांत माकडांनी तीस-चाळीस फोडली असतील, घरात पाणी कुठेच आलं नाही. पत्रा आणि कौलांमधून हवा खेळते, त्यामुळे मे महिन्यात दुपारी वरच्या खोलीत पंख्याखाली झोपता येत होतं. पावसाचा आवाजही नुसत्या पत्र्यासारखा डोक्यात बसत नाही. खर्च वाढतो, पण ज्यांना कौलं सोडवत नाहीत त्यांनी हे जरूर करावं.

खर्चाचं सांगायचं तर ३२ लाख धरले होते, साडेअडतीस झाले. त्यात नवी पडवी आणि बाथरूमची दुरुस्ती धरली आहे. सगळ्यात जास्त फरक वाळू-खडीच्या वाहतुकीत आणि मधेच बदललेल्या आमच्या मतांमुळे पडला.

शेवटचं पाण्याचं. सड्यावरच्या आमच्या वाडीची विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्या हिशेबाने आमच्या छपरावर वर्षाला साडेतीन लाख लिटरपेक्षा जास्त पडतं आणि सगळं व्हाळात जात होतं. म्हणून खळ्याखाली २० हजार लिटरची टाकी केली, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला वेगळा पाइप ठेवून. गेल्या एप्रिलमध्ये टाकी रिकामी होती, आई-बाबांनी टँकर मागवले. त्यामुळे टाकीची पहिली खरी परीक्षा यंदा आहे. आई-बाबांना दिवसाला तीनशे लिटर धरले तरी ती दोन महिन्यांच्या वर पुरायला हवी. सध्या विहिरीला पाणी आहे, टाकीतलं फक्त झाडांना देतात. काल बाबांनी काठी टाकून मोजलं आणि फोनवर सांगितलं, साडेसहा फुटांपैकी सव्वापाच फूट आहे. वहीत लिहून ठेवलंय.