सेलम, पेंडल की बाम्बेर्ग: चेटकिणींच्या खटल्यावर ग्राफिक नॉव्हेल करायचं असेल तर

चेटकिणींचे खटले म्हटलं की आधी अमेरिकेतलं सेलमच आठवतं, मलाही तेच आठवलं आणि चौदा पानं काढूनसुद्धा झाली होती. २० मार्च १६९२ चा रविवार, चर्चमध्ये उपदेश चालू आहे आणि अ‍ॅबिगेल विल्यम्स ही अकरा-बारा वर्षांची पोरगी मध्येच ओरडते की बघा ती बाई तुळईवर बसलीय आणि बोटांत धरून पिवळ्या पक्ष्याला पाजतेय. मी तो पक्षी काढला, पिवळाधम्मक, काळ्यापांढऱ्या पानावर तेवढाच एक रंग. मैत्रिणीला वाचायला दिलं तर तिचा पहिलाच प्रश्न, "म्हणजे ती बाई खरंच चेटूक करत होती का?"

ती पानं मी बाजूला ठेवली. लिहिताना "पोरगी म्हणाली" एवढं जोडलं की काम भागतं, पण चित्राच्या चौकटीत (पॅनेलमध्ये) जे दिसतं ते वाचणाऱ्यासाठी घडलेलंच असतं, म्हणजे न कळत मी आरोप करणाऱ्यांच्या बाजूने साक्ष देऊन बसले होते. म्हणून खटला निवडताना कुठला जास्त थरारक हे बघू नका, त्याची कागदपत्रं तुम्हाला काय काढू देतात ते बघा.

सेलमचा मोठा फायदा म्हणजे मटेरियल. चौकशीचे शेकडो कागद ऑनलाइन फुकट वाचता येतात, न्यायाधीश कॉर्विनचं घर अजून उभं आहे, रिबेका नर्सचं घरपण डॅनव्हर्समध्ये आहे, कपडे-खिडक्या-चुली सगळ्याला रेफरन्स मिळतो. पण दीडशेच्या वर लोकांवर आरोप, १९ जणांना फाशी, जाइल्स कोरी दगडांखाली चिरडून मेला तो वेगळाच, एवढी माणसं पहिल्या पुस्तकात सांभाळणं खूप अवघड जातं, चेहरे एकसारखे वाटायला लागतात. शिवाय आरोपीचं भूतरूप येऊन मला चिमटे काढतं असं कोणी सांगितलं की कोर्ट तोच पुरावा धरायचं, म्हणजे माझ्या पिवळ्या पक्ष्याचा प्रॉब्लेम पानोपानी येणार. सेलमच करायचं असेल तर एकट्या रिबेका नर्सची गोष्ट घ्या. ७१ वर्षांची म्हातारी, शेजाऱ्यांनी तिच्यासाठी सह्यांचा अर्ज दिला, ज्युरीने आधी निर्दोष सोडलं, मग त्यांना परत विचार करायला लावून दोषी ठरवून घेतलं. आणि चितेचं पान काढू नका हां, सेलममध्ये कोणालाच जाळलं नव्हतं.

पेंडल मला सगळ्यात जवळचं वाटतं. इंग्लंडमधला लँकशर, मार्च १६१२, ॲलिझन नावाची गरीब मुलगी रस्त्यात एका फेरीवाल्याकडे टाचण्या मागते, तो देत नाही, थोडं पुढे जाऊन कोसळतो, आज आपण त्याला लकव्याचा झटका म्हणू. ॲलिझनला स्वतःलाच वाटतं की हे माझ्यामुळे झालं, ती त्याची रडून माफी मागते. इथून सुरू होऊन २० ऑगस्टला लँकेस्टरमध्ये एका दिवशी दहा जणांना फाशी, आणि मधल्या पानांवर काय तर दुधाचं भांडं लाथाडण्यावरून झालेलं भांडण, मग मेलेली गाय, दोन म्हाताऱ्यांच्या घरांतलं जुनं वैर. ॲलिझनची धाकटी बहीण जेनेट, नऊएक वर्षांची, तिला कोर्टात टेबलावर उभं करून आईविरुद्ध बोलायला लावलं, आईचा आक्रोश थांबेना म्हणून आधी आईला बाहेर नेलं. हे आपल्यापर्यंत आलं ते कोर्टाचा कारकून थॉमस पॉट्स याच्या १६१३ मध्ये छापलेल्या वृत्तांतातून, आणि तो उघडउघड न्यायाधीशांच्या बाजूचा. हीच मला सोय वाटते, कारण पॉट्सच पात्र होतो, कॅप्शन त्याच्या आणि चित्रं तुमची, दोघांत फट ठेवली की वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

जर्मनीतल्या बाम्बेर्गमध्ये माणूस एकच, योहानेस युनियस, शहराचा मेयर. २४ जुलै १६२८ ला त्याने तुरुंगातून मुलीला, व्हेरोनिकाला, चोरून पत्र लिहिलं, छळात हात मोडलेले म्हणून लिहायला कितीतरी दिवस लागले. काहीतरी रचून कबूल करा, नाहीतर हे सहन होणार नाही, असं छळ करणारा जल्लादच त्याला विनवतो. मग बाकीच्यांची नावं सांग म्हणून गल्लीगल्लीने विचारतात, बाजारापासून सुरू कर म्हणतात. अख्खं पान शहराचा नकाशा करून एकेक घर काळं करत जाता येईल इतकं ते चित्रातच घडतं. साठ-सत्तर पानांचं छोटं पुस्तक करायचं असेल तर डोळे मिटून हेच घ्या. फक्त छळाची पानं काढणं मनाला फार जड जातं, मी दोन रात्री झोपले नाही, आणि जर्मन येत नसेल तर भाषांतरावर अवलंबून राहावं लागतं.

मराठीत करताना शब्द कुठला वापरायचा हेही आधीच ठरवा. चेटकीण म्हटलं की लहानपणच्या गोष्टीतली झाडूवाली डोळ्यासमोर येते, डाकीण म्हटलं की नंदुरबारकडे, सातपुड्यात मारहाण झालेली खरी बाई. आपल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवते असा आरोप एखाद्यावर करणंसुद्धा गुन्हा धरलंय, म्हणजे पेंडलची ती गाय मराठी वाचकाला परकी नाही. मी नॅरेशनमध्ये चेटकीण ठेवलंय आणि आरोप करणाऱ्याच्या तोंडी डाकीण.

पहिलंच पुस्तक आणि दीडशेच्या आसपास पानं जमणार असतील तर माझं मत पेंडलला. मीपण तेच करतेय. ॲलिझनने जबानीत एका काळ्या कुत्र्याचं सांगितलंय, फेरीवाल्याला लंगडा करू का असं तो विचारतो. तो मी काढलेला नाही. रिकामा रस्ता, टाचण्यांची पेटी, आणि ती खाली वाकून कोणाशीतरी बोलतेय, एवढंच काढलंय.