छपरावरचा अँटेना आणि वाय-फाय कॉलिंग : कांदाटी खोऱ्यातला दहा महिन्यांचा अनुभव

आमचं गाव कांदाटी खोऱ्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे. तापोळ्याहून लाँचनं यायचं. घरात रेंज अजिबात नाही. गावाच्या वरच्या अंगाला एक मोठा कातळ आहे, तिथं उभं राहिलं की फोन लागतो. त्याला सगळे रेंजचा दगडच म्हणतात. भाऊ मुंबईत माथाडी कामगार आहे. त्याच्याशी बोलायला आई रोज संध्याकाळी काठी टेकत त्या दगडापर्यंत जायची, आणि पावसाळ्यात तेही बंद व्हायचं. म्हणून जानेवारीत मी घरावर अँटेना चढवला. आता एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा काढून झालाय.

आधी बूस्टरचं, म्हणजे मोबाइलचा सिग्नल वाढवणाऱ्या मशीनचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. परवान्याशिवाय मोबाइल बूस्टर बसवणं आपल्याकडे बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ते मशीन घेऊ नका. ते सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवून टॉवरकडे फेकतं, आणि त्या टॉवरवर असलेल्या सगळ्या गावांचे फोन बिघडू शकतात. एकाच टॉवरवर जगणाऱ्या खोऱ्यात असं करणं मला पटत नाही.

मी केलं ते साधं आहे. सिम घालायचा फोर-जी राउटर, त्याला बाहेरचे, टॉवरच्या दिशेनं रोखायचे दोन अँटेने, आणि घरातल्या फोनवर वाय-फाय कॉलिंग चालू, म्हणजे फोन घरातल्या वाय-फायवरून लागतो. ही सोय एअरटेलनं डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओनं जानेवारी २०२० मध्ये आणली. वेगळं ॲप लागत नाही, नेहमीच्या नंबरवरून नेहमीसारखाच फोन लागतो. राउटर, अँटेने, वायर, जीआय पाइप आणि क्लॅम्प धरून साधारण चौदा हजार गेले.

खरेदीआधी मी दोन दिवस फक्त मोजमाप केलं. फोनवरच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका. सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा दिसतो, तो बघा. तो उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. घरात उणे १२१ होता, छपरावर उणे १०८, दगडापाशी उणे ९८. दहाचा फरक म्हणजे दहापट ताकद. म्हणजे आमच्या घरावरून सिग्नल जात होता, पण पत्रा आणि जाड दगडी भिंती त्याला आत येऊ देत नव्हत्या.

पहिल्यांदा चुकलो ते वायरीत. राउटर ओटीवर ठेवला आणि छपरापासून वीस मीटर बारीक वायर खाली आणली. आकडा उणे १०९. इतका खर्च करून छपरावर नुसता फोन धरल्यासारखंच झालं! दोन आठवडे मी अँटेन्याची तोंडं फिरवत बसलो. दोष दिशेत नव्हताच. असल्या बारीक वायरीत मीटरमागे अर्धा डेसिबल (म्हणजे याच आकड्यातला अर्धा) किंवा त्याहून जास्त गळतो, म्हणजे अँटेन्यानं मिळवलेलं सगळं वायरीनं खाल्लं. मग राउटरच माळ्यावर नेला, चांगली जाड वायर फक्त चार मीटर ठेवली आणि तिथून खाली लॅनची, म्हणजे इंटरनेटची केबल सोडली. लॅनची केबल शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते. त्याच दिवशी आकडा उणे ९५ वर आला. दोन्ही अँटेने एकमेकांना काटकोनात तिरपे लावले, त्यानंही फरक पडला.

वेग दुपारी सात-आठ एमबीपीएस, संध्याकाळी एक-दीड. बोलायला शंभर केबीपीएस, म्हणजे एका एमबीपीएसचा दहावा भागसुद्धा पुष्कळ होतो, त्यामुळे आवाज स्वच्छ येतो.

मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज जवळच कुठेतरी पडली आणि राउटरचा एक लॅन पोर्ट जळाला. तेव्हापासून ढग गडगडायच्या आत वायरी काढून ठेवतो, आणि पाइपाला अर्थिंगही केलंय. जुलैत आकडा सहा-सातनं घसरला. मला वाटलं पावसानंच सिग्नल अडतोय, पण या फ्रिक्वेन्सीला पावसाच्या धारांचा फारसा त्रास होत नाही. समोरच्या जांभळीचा पाला ओला होऊन दाट झाला होता. पाइप पाच फूट वर उचलल्यावर बराचसा भरून निघाला. जोडांवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळा आणि वायर घरात शिरायच्या आधी तिला खाली झोळ द्या, नाहीतर पाणी वायरीवरून सरळ राउटरपर्यंत येतं.

ऑगस्टमध्ये रात्री दोन वाजता आईची साखर एकदम उतरली. अंथरुणाजवळूनच डॉक्टरांना फोन लागला. काय द्यायचं ते त्यांनी सांगितलं, आणि लाँचवाल्या काकांनाही तिथूनच उठवता आलं. मागच्या वर्षी असं झालं असतं तर पावसात, अंधारात मला दगडापर्यंत जावं लागलं असतं, आणि आई घरात एकटी राहिली असती.

जे जमलं नाही तेही सांगायला हवं. आता शेजारच्या अकरा फोनांना आमचं वाय-फाय दिलंय, पण म्हाताऱ्या माणसांच्या साध्या बटणाच्या फोनांना याचा काही उपयोग नाही. बँकेचा ओटीपी काही सिमवर वाय-फायवर येतो, काहींवर येत नाही. ती मंडळी अजून दगडावरच जातात. घरची लाइट गेली तर बारा व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर राउटर चार तास चालतो. पण जुलैत टॉवरच चार दिवस बंद होता, तेव्हा माझं सगळं सामान नुसतं शोभेचं झालं. कंपनीकडे दोनदा लेखी तक्रार केली, उत्तर आलं नाही. केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये २४,६८० गावांत फोर-जी पोचवायला २६,३१६ कोटी मंजूर केले आहेत. आमच्या ग्रामपंचायतीनंही ठराव करून पाठवलाय, आणि मी दर महिन्याला त्याची चौकशी करतो. माझ्या अँटेन्यामुळे ती मागणी ढिली पडू नये असं मनापासून वाटतं.

तुम्ही करणार असाल तर आधी छपरावर फोन घेऊन चारी दिशांना आकडा लिहून काढा. सगळीकडे उणे १२० च्याही खाली असेल तर पैसे घालू नका. उणे ११५ च्या वर एखादी दिशा सापडली तर बेशक करा. आमच्याच खोऱ्यातले असाल तर लाँचनं उतरून घरी या. शिडी, पाने आणि उरलेली आठ मीटर जाड वायर माळ्यावर पडून आहे.