पणजीत उतरायचं की वागातोरला? हिवाळ्यात हॉस्टेल घेण्याआधी

गोव्यात हॉस्टेलच्या खाटा अडवण्याआधी सगळ्या मित्रमंडळींनी एकदा बसून एवढं ठरवा: रात्री अकरा वाजता आपण कुठे असणार? पुण्याहून येणाऱ्या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींना मी दर नोव्हेंबरला हेच विचारते. मी पणजीत सांत इनेजला राहते, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघड आहे. पण त्यांच्याबरोबर दोन्हीकडच्या हॉस्टेलांत मीही राहिले आहे, म्हणून दोन्हीबद्दल सांगू शकते.

नकाशावर पणजी ते समुद्रकाठचं वागातोर जेमतेम वीस किलोमीटर. दिवसा हे अंतर काहीच वाटत नाही. पणजीहून कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, शटल म्हापशाला जाते आणि तिथून वागातोरची बस मिळते. अंधार पडला की बस विरळ होत जातात आणि मग बंदच. ओला-उबर गोव्यात नाहीत. गोवा माइल्स या ॲपवरची टॅक्सी नाही मिळाली तर मिळेल ती टॅक्सी, सांगेल त्या भाड्याला. दोन वर्षांपूर्वी आम्ही पणजीत उतरून एका वाढदिवसासाठी वागातोरला गेलो. दीड वाजता बाहेर पडलो, तेव्हा सहाजणींपैकी स्कूटर चालवण्याच्या स्थितीत मी एकटीच होते. तासभर रस्त्याच्या कडेला टॅक्सीची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी सगळ्या दुपारपर्यंत झोपल्या आणि दिवाडी बेटावर जायचं राहून गेलं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं: रात्री नाचायचं असेल तर वागातोर किंवा शेजारच्या हणजूणलाच राहा, चालत परत या. रोज तिथे जायचं आणि झोपायला पणजीला यायचं, हा बेत करूच नका.

पण रात्री जेवून, खाडीच्या कडेने एक फेरी मारून गप्पा ठोकायच्या असतील, तर पणजीसारखी जागा नाही.

पणजीतली बरीचशी हॉस्टेलं मळा-फोंतेन्हास भागात, जुन्या घरांतून आहेत. लाकडी जिने, उंच छत, रस्त्यावर उघडणाऱ्या खिडक्या. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो आणि खाली उतरलं की गरम पोई (गोव्याचा पाव) मिळते. मग गावातल्या एखाद्या जुन्या कॅफेत भाजी-पाव. ही भाजी म्हणजे मुंबईची पावभाजी नव्हे. पातळ भाजी किंवा मिक्स भाजी, सोबत पाव किंवा बन आणि मिरची भजी. तिथून आल्तिनो टेकडीच्या पायऱ्या चढायच्या, मारुतीच्या देवळापाशी थांबायचं, चर्च चौकात उतरायचं. चर्चचं फेस्त, म्हणजे वार्षिक सण, ८ डिसेंबरला असतं, तेव्हा चौकाभोवती जत्रेसारखा बाजार भरतो. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं फेस्त असतं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं. त्या आठवड्यात जुन्या गोव्याच्या रस्त्यावर अफाट गर्दी होते. ती पाहायची असेल तर मुद्दाम या, नाहीतर आठवडाभराने.

आणि फेरीबोट. माझ्या मते पणजीत राहण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. रायबंदरहून चोडणला आणि दिवाडीला, पणजीहून बेतीला. साध्या फेरीबोटीत चालत जाणाऱ्याला एक पैसाही लागत नाही. चोडणच्या फेरीतून उतरलं की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जवळच आहे, आणि हिवाळ्यात तिथे खारफुटीत पाहुणे पक्षी असतात. सकाळी लवकर गेलात तरच त्याचा उपयोग. गोव्याची थंडी पुण्यासारखी नाही. पहाटे वीस-एकवीस अंश आणि दुपारी बत्तीसपर्यंत, त्यामुळे चालणं दहाच्या आत किंवा साडेचारनंतर.

पणजीचे तोटेही सांगते. पोहण्यासारखा समुद्र नाही. मिरामार संध्याकाळी बसायला छान, पण तेवढंच. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. मांडवीकाठच्या रस्त्यावर कॅसिनोंच्या बोटींचे दिवे आणि गाड्यांची गर्दी असते. हॉस्टेलं लहान, बैठकीची खोली लहान. शिवाय भिंतीपलीकडे कुणाचं तरी राहतं घर असतं. मळ्यातले लोक दारात येऊन फोटो काढणाऱ्यांना अक्षरशः कंटाळले आहेत. कुणाच्या उंबऱ्यावर बसून फोटो काढू नका, रात्री गल्लीत मोठ्याने हसू नका. हे जमणार नसेल तर तिथे राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

वागातोरची हॉस्टेलं ऐसपैस. पोहण्याचा तलाव, अंगण, आतच कॅफे. अनोळखी लोकांशी ओळख होते ती इथेच. एकटा येणारा माणूस दुसऱ्या दिवशी चौघांबरोबर शापोऱ्याच्या किल्ल्यावर सूर्यास्त पाहायला निघालेला दिसतो. तुम्ही आमच्यासारखे सहाजण आधीच एकमेकांचे असाल तर या गोष्टीचा फायदा कमी. उघड्यावरचं मोठं संगीत नियमाने रात्री दहाला बंद व्हायला हवं, तरी ज्याला हलकी झोप आहे त्याने कानात घालायचे बोळे आणावेत. इथे स्कूटरशिवाय पान हलत नाही. ती काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतलीत तर पोलीस अडवतात. पणजीत दोन दिवस गाडी लागतच नाही. फार तर पायलट घ्यायचा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. सहाजणांच्या हिशेबात तीन स्कूटरांचं रोजचं भाडं आणि पेट्रोल वाचतं, हे खाटेच्या दरातल्या फरकाबरोबर मांडून बघा.

मडगाव रेल्वेसाठी सोयीचं, पण चार दिवसांच्या मुक्कामाला मी सुचवणार नाही. पाळोळे सुंदर आणि शांत आहे, मात्र पणजीहून सत्तर किलोमीटर; तो वेगळाच प्रवास.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: सहा खाटांची अख्खी खोली मागा आणि आधी फोन करून विचारा, कारण काही हॉस्टेलं मोठा गट घेत नाहीत. कुलूप स्वतःचं आणा. नाताळ ते नववर्षाचे दिवस टाळा. दर कुठच्या कुठे जातात आणि रस्ते तुंबतात. जानेवारीचा दुसरा आठवडा मला सगळ्यांत आवडतो.

मन अगदीच दुभंगलं असेल तर असं करा. मंगळवारी वागातोरला उतरा. रेल्वेने आलात तर थिवी स्टेशन जवळ पडतं. बुधवारी हणजूणचा बाजार, दोन्ही रात्री हव्या तितक्या जागा. गुरुवारची रात्रही तिथेच काढून शुक्रवारी सकाळी बस्तान हलवा आणि वाटेत म्हापशाचा शुक्रवारचा बाजार करा. चोरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा, मयडे (मोयरा) गावची केळी, सुकी मासळी. शनिवार-रविवारी समुद्रकाठची गर्दी वाढते, तेव्हा तुम्ही पणजीत असाल. रविवारी रात्री पुण्याची बस पणजीहूनच मिळते आणि कदंब स्टँड मळ्यातून पायी गाठता येतो. म्हापशासाठी एक रिकामी पिशवी वेगळी ठेवा, सुकी मासळी कपड्यांत घालू नका.